डाव्या हाताची जादू

१

"ही माझी नथ नाही."

नीना काकू हे इतक्या हळू म्हणाल्या की पहिल्यांदा कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वेम्बलीच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये अन्वीचं डोहाळजेवण अगदी रंगात आलं होतं. एकीकडे ओटीची ताटं मांडली जात होती, दुसरीकडे मसालेभाताच्या पातेल्याभोवती पुरुषमंडळी घुटमळत होती आणि मधोमध फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर हिरवी साडी नेसलेली अन्वी नाकाशी झटापट करत होती.

"आई, हा नथ बसतच नाहीये. माझी नाक छोटी झाली का?"

अन्वीचा जन्म, शाळा, नोकरी सगळं इंग्लंडातलं. तिच्या मराठीत नाक बाई आणि नथ बुवा. एरवी यावर हशा पिकला असता. पण नीना काकूंनी लेकीच्या हातातून नथ घेतली, मधल्या लाल खड्यावरून सवयीने अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या खिडकीपाशी गेल्या, उजेडात नथ धरली आणि या वेळी मोठ्याने म्हणाल्या, "खोटी आहे. सासूबाईंच्या नथीच्या खड्याचा कंगोरा उडालेला आहे. हा खडा गुळगुळीत लागतोय."

एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या, त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथे देवयानी आपला मखमली रुमाल आणि चांदीची वाटी आवरत होती.

आता माना तिकडेच वळणार, दुसरीकडे कुठे? मघाशी सगळ्यांसमोर तिनेच तर ती नथ हातात घेऊन गायब केली होती!

"जादूगारीण आपल्यातच आहे म्हटल्यावर शोधायचं कशाला?" असं म्हणाल्या स्वाती काकू, अन्वीच्या सासूबाई. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. निदान चटकन करायची सवय.

"अहो, पोरीला असं काय बोलता?" रेखा काकू धावून आल्या. रेखा काकू म्हणजे नीना काकूंची धाकटी जाऊ, सगळ्यांची लाडकी, कुणाचंही काम अंगावर घेणारी. त्यांनी देवयानीच्या पाठीवरून हात फिरवला. "चुकून अदलाबदल झाली असेल गं. सांगून टाक बाळा. कुणी रागावणार नाही."

या वाक्यात माया होती, पण त्या मायेत तिचा गुन्हा आधीच कबूल झाला होता.

"काकू, मी नाही बदलली नथ," ती नीना काकूंना म्हणाली. "मी घेतली तीच परत दिली."

नीना काकूंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलाकडे वळून म्हणाल्या, "अनिश, पुढच्या महिन्यातल्या साखरपुड्याचं आपण नंतर बघू."

२

देवयानी नागपूरची. नोकरीच्या व्हिसावर आली आणि हाउन्सलोला एका खोलीत राहायला लागली. दिवसभर विमानतळावरच्या मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, संध्याकाळी डोक्यावरून जाणारी विमानं ऐकत भात लावायचा. पहिल्या हिवाळ्यात तर तिला बोलायला माणूस मिळेना. तेव्हा तिला फोनवर टॉबी सापडला. ब्रिस्टलचा टकला, हसरा मास्तर. व्हिडिओंमधून हातचलाखीचे धडे फुकट द्यायचा. नाणं तळव्यात कसं लपवायचं, अंगठी बोटांतून कशी गळू द्यायची, लोकांची नजर कुठे न्यायची, सगळं.

देवयानी टॉबीसमोर बसून तो करेल तसं करायची. तो पडद्यावर डावीकडचा हात हलवी, हीसुद्धा डावा हलवी. बोटांत नाणं ठरू लागलं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला: अरे बाप्पा! तो आपल्याकडे तोंड करून बसलाय, म्हणजे पडद्यावर डावीकडे दिसतो तो त्याचा उजवा हात! आरशात बघावं तसं आपण सगळं उलटं शिकलो. पण तोवर डाव्या हाताला वळण पडलं होतं. लिहायला, जेवायला उजवी आणि जादूला डावखुरी, असं तिचं विचित्र होऊन बसलं.

याच जादूवर अनिश भुलला होता. मैत्रिणीच्या घरी हिने त्याच्या कोटाच्या बाहीतून त्याचंच ट्रेनचं तिकीट काढलं, आणि नंतर तो तिकीट घेऊन हाउन्सलोला येतच राहिला.

आज सकाळी हॉलमध्ये आल्या आल्या देवयानीने कुंकवाचा करंडा डाव्या हाताने पुढे केला, तर रेखा काकूंनी तिला फटकारलं होतं. "डाव्या हाताने? शुभकार्यात? आमच्या घरात चालायचं नाही हं." मग स्वतःच हसल्या होत्या. "तुझ्या त्या टॉबीने बिघडवलंय तुला." देवयानीही हसली होती. आजच्या प्रयोगाच्या तालमीला रेखा काकू रोज यायच्या, समोर बसून कौतुक करायच्या. मलाही शिकव म्हणायच्या आणि दोन मिनिटांत नाणं खाली पाडून म्हणायच्या, "माझी बोटं म्हणजे नुसत्या भेंड्या गं!"

आता त्याच हॉलमध्ये पिशव्या आणि पर्सेस उघडल्या जात होत्या. ही सूचना स्वाती काकूंची. रेखा काकूंनी सर्वांत आधी आपली पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, गोळ्या, चिल्लर, बसचा पास. देवयानीचं जादूचं सामानही कुणीतरी झटकून बघितलं. मखमली रुमाल जमिनीवर पडला आणि कुणी उचलला नाही. नथ कुठेच सापडली नाही.

देवयानीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मागोमाग संतापही आला. तिने रुमाल उचलला, घडी घातली.

"काकू," ती म्हणाली, "संध्याकाळी हॉल रिकामा करायचाय. तोवरचा वेळ मला द्या. कुणी बाहेर जाऊ नका. नथ मिळाली नाही तर साखरपुड्याचं तुम्हाला काही बघावं लागणार नाही. मीच येणार नाही."

"देवयानी!" अनिश ओरडला.

"वेळ दिला," नीना काकू म्हणाल्या.

३

सगळ्यात आधी तिने खोटी नथ मागून घेतली. मोती बऱ्यापैकी होते, बांधणीही नेटकी. असली नक्कल हॉलमध्ये बसून कुणी करत नाही. कुणीतरी आधीपासून करवून घेतली होती.

नकली नथी कोण विकतं? कस्तुरी! अन्वीची जिवाभावाची मैत्रीण. आठवडाभर बँकेत नोकरी आणि शनिवारी ईलिंग रोडला टेबल मांडून तन्मणी, बुगड्या, नथी. आजचे मोगऱ्याचे गजरेसुद्धा तिनेच आणले होते आणि दारात उभं राहून प्रत्येकीच्या अंबाड्यावर स्वतःच्या हाताने माळले होते.

"बोल, मलाच चोर म्हणायला आलीस ना?" कस्तुरी भडकलेलीच होती. "मघापासून सगळ्या तशाच बघतायत माझ्याकडे."

"तुला नथीतलं कळतं म्हणून आले. ही बघ आणि सांग."

कस्तुरीने नथ घेतली, उलटसुलट केली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिने ती स्वतःच्या नाकाशी लावून बघितली, आणि फिस्सकन हसली.

"कुठल्या येड्याने केलीय ही? नथ डाव्या नाकपुडीत घालतात. घोस गालाकडे वळायला हवा. हिचा ओठाकडे वळतोय. ही उजव्या नाकाची नथ आहे! म्हणून अन्वीला बसेना. मी केली असती तर डोळे मिटून डाव्या नाकाची केली असती. असा माल मी टेबलावर मांडला तर बायका मला हसतील."

"मग कुणी केली असेल?"

"ज्याने आयुष्यात नथ बघितली नाही अशा कारागिराने. फोटो पाठवला की हुबेहूब बनवून देणारे ऑनलाइन ढिगाने आहेत. फोटोत दिसेल तस्सं करतात."

देवयानीने हे मनात ठेवलं. मग ती स्वाती काकूंकडे गेली. स्वाती काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"मी स्पष्ट बोलते, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "नथ मी आज पहिल्यांदा हातात घेतली. याआधी बघितली ती आमच्या वरदच्या आणि अन्वीच्या लग्नात, नीनाताईंच्या नाकात. लग्नाचे फोटो आहेत माझ्याकडे, हवे तेवढे बघ."

देवयानीने बघितले. प्रत्येक फोटोत नीना काकूंच्या डाव्या नाकपुडीत नथ आणि घोस गालाकडे. अगदी बरोबर. पण लांबून काढलेले. त्यावरून मोती मोजता आले नसते.

रेखा काकू स्वयंपाकघरात कोशिंबिरीला फोडणी देत होत्या. देवयानीला बघून त्यांनी गॅस बारीक केला.

"ये गं. वहिनींचं मनावर घेऊ नकोस. त्या नथीपायी त्यांना दुसरं काही सुचत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात होत्या ना, तेव्हासुद्धा मला फोन करून विचारायच्या, रेखा, कपाट नीट बंद आहे ना? म्हटलं, वहिनी, किल्ल्या माझ्याकडे, घर माझ्याकडे, तुम्ही निवांत पडा."

"तुम्ही कधी घातलीत का हो ती नथ?"

"मी?" रेखा काकू हसल्या. "ती थोरल्या सुनेची. मी कधी नाकाला लावलीसुद्धा नाही." बोलता बोलता त्यांनी अंबाडा चाचपला. गजरा दुपदरी करून आकड्यांनी घट्ट आवळलेला होता. "जा, तू दोन घास खाऊन घे. चेहरा बघ कसा झालाय पोरीचा."

देवयानीला भरून आलं. या एका बाईने तरी तिला जेवायचं विचारलं होतं. ती दारापर्यंत गेली आणि तिथे थबकली. काहीतरी खटकलं होतं. काय ते कळेना.

४

"मी सगळं रेकॉर्ड केलंय," अनिश म्हणाला. तो तिला कोटांच्या खोलीत घेऊन आला होता. "तुझा पूर्ण ॲक्ट, आणि नंतरचंही. देवयानी, लिसन, आय बिलीव्ह यू. आईला काय वाटतं याने मला फरक नाही पडत."

"मला पडतो," देवयानी म्हणाली. "दाखव."

व्हिडिओत तीच होती. रुमालात नथ, फुंकर, रुमाल रिकामा. मग पालथी वाटी उचलली आणि खाली नथ. टाळ्या. तिने नथ नीना काकूंना परत दिली.

"थांब! इथे थांब. तुझ्या आईचा अंगठा बघ."

नीना काकूंनी नथ हातात घेताच लाल खड्यावरून अंगठा फिरवला होता आणि समाधानाने मान हलवली होती. तीच ती सवय. म्हणजे तेव्हा कंगोरा बोटाला लागला होता. देवयानीने परत दिलेली नथ खरी होती!

तिला ओरडावंसं वाटलं. पण अर्धंच काम झालं होतं. आपण चोर नाही एवढं कळून भागणार नव्हतं. नथ कुठाय?

पुढे नथ बघायला बायकांची झुंबड. नीना काकूंनी ती स्वाती काकूंना दिली. त्यांनी कस्तुरीला. कस्तुरीने रेखा काकूंना. रेखा काकूंनी दोन्ही हातांत धरून कौतुक केलं, नमस्कार केला आणि परत दिली. तेवढ्यात जेवणाची हाक आली, म्हणून नीना काकूंनी न बघताच ती डबीत टाकली आणि डबी स्वतःजवळच ठेवली.

देवयानीने तेवढा तुकडा पुन्हा बघितला. मग पुन्हा.

सगळ्यांनी नथ उजव्या हाताने दिली होती. रेखा काकूंनी डाव्या.

ज्या बाईने सकाळी करंड्यावरून तिला झापलं, तिने भर शुभकार्यात सौभाग्याचा दागिना डाव्या हाताने दिला? आणि उजवा हात, अर्धवट मिटलेला, पदराकडे गेला होता.

"अनिश," ती म्हणाली, "तुझ्या काकू डावखुऱ्या आहेत?"

"नो वे. लहानपणी मी डाव्या हाताने जेवायचो तर त्याच मारायच्या."

बाहेरून अन्वीचा आवाज आला. रडूनरडून डोळे सुजलेले, तरी बाईसाहेब मैत्रिणींबरोबर सेल्फी काढत होत्या. साडीवर आडवा पट्टा होता, 'मम टू बी' लिहिलेला. देवयानी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि फोनच्या पडद्यावर तिला तो पट्टा दिसला.

अक्षरं उलटी होती. आरशात दिसतात तशी.

देवयानी मटकन खुर्चीत बसली. सगळं एकदम जुळलं. नथ उलटी का, हात उलटा का, आणि स्वयंपाकघरात खटकलं ते काय. कस्तुरीने प्रत्येकीला गजरा एकपदरी, अर्धचंद्रासारखा माळला होता. एव्हाना बहुतेकींचे सुकून सैल पडले होते, काहींनी तर काढूनही ठेवले होते. एकच गजरा कुणीतरी सोडून पुन्हा, घट्ट, भरपूर आकडे लावून बांधला होता.

"अनिश, सगळ्यांना बोलव," ती म्हणाली. "मला अजून एक प्रयोग करायचाय."

५

सगळे जमले. कुणी हाताची घडी घालून, कुणी भुवया उंचावून. नीना काकू झोपाळ्याशेजारी अन्वीचा हात धरून बसल्या. देवयानीचा अंदाज चुकला तर? भरल्या घरात एका वडीलधाऱ्या बाईवर आळ घेतल्याबद्दल पुन्हा कुणाला तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. तिने दीर्घ श्वास घेतला.

"काकू, आधी माझं स्वतःचं सांगते," असं म्हणून तिने व्हिडिओ दाखवला. अंगठा दाखवला.

नीना काकूंनी स्वतःचा अंगठा बघितला. "अगं... हो. लागला होता. कंगोरा लागला होता मला! मी विसरूनच गेले."

"म्हणजे नथ बदलली ती त्यानंतर. तीन जणींच्या हातांतून ती फिरली. स्वाती काकू, कस्तुरी आणि रेखा काकू."

"म्हणजे मीपण?" स्वाती काकू कडाडल्या.

"तुम्ही यातून आधी सुटलात काकू. ही नक्कल फोटोवरून केलीय, आणि ती उजव्या नाकाची आहे. तुमच्याकडचे फोटो लग्नातले, दुसऱ्यांनी काढलेले. त्यात नथ डाव्याच नाकात दिसते. कस्तुरीने केली असती तर ती असली चूक झोपेतही करणार नाही. मग उलटा फोटो कुठून आला? अन्वी, तुझा फोन दे. हे बघा, पट्ट्यावरची अक्षरं. स्वतःच स्वतःचा फोटो काढला की काही फोनांत तो आरशासारखा उलटा येतो. डावं नाक उजवं होतं. म्हणजे कुणीतरी ही नथ घालून, जवळून, स्वतःचा फोटो काढला. एकटीने. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती म्हणून. नथ बनून आल्यावर त्या व्यक्तीने ती फोटोशी ताडून बघितली असणार, आणि फोटोशी ती तंतोतंत जुळली."

"एकटीने कोण घालणार?" नीना काकू म्हणाल्या. "नथ तर माझ्या कपाटात..."

त्या थांबल्या. त्यांनी हळूच मान वळवली.

रेखा काकू हसत होत्या. "अगं, किल्ल्या होत्या माझ्याकडे म्हणून काय? मला कुठली हातचलाखी येतेय? माझी बोटं..."

"भेंड्या," देवयानी म्हणाली. "नाणं पाडायलासुद्धा सराव लागतो काकू. माझ्यासमोर तुम्ही पाडत होतात आणि घरी टॉबीसमोर बसत होतात. पण तुम्हीही माझ्यासारख्याच शिकलात, त्याच्याकडे तोंड करून. पडद्यावर डावीकडे दिसणारा हात हलला की आपलाही डावा. खरी नथ उजव्या मुठीत राहिली, खोटी डाव्या हाताने दिलीत. सकाळी मला करंड्यावरून बोललात ना? शिकलेला हात मोक्याच्या वेळी रीतभात बघत नाही. ही चूक फक्त फोनवर जादू शिकणाऱ्यालाच होते. मला विचारा!"

कुणीतरी व्हिडिओ पुन्हा लावला. पुढे वाकून सगळ्यांनी बघितला. "डावा," स्वाती काकू पुटपुटल्या. "डावाच आहे की!"

"आणि वाटीखालून पेढा काय काढतेस, वहिनींची नथ काढ, ही कल्पना कुणाची होती?" देवयानीचा आवाज कापायला लागला. "तुमची. मला वाटलं, मला या घरात मान मिळावा म्हणून सुचवताय. तुम्हाला माझा मान नको होता काकू. जिच्यावर आळ जाईल अशी कुणीतरी हवी होती."

"पुरे झालं!" रेखा काकूंचा आवाज चढला. "माझी पर्स झाडून झाली. सगळ्यांनी बघितली. कुठाय नथ? दाखव ना!"

देवयानी पुढे झाली. तिने डावा हात वर केला, पुढून-मागून दाखवला, बोटं फाकवली. रिकामा.

"टॉबीचा अगदी पहिला धडा आठवतो ना काकू? कानामागून नाणं काढायचं."

तिचा हात रेखा काकूंच्या कानाजवळून मागे गेला. दुपदरी गजऱ्यात, पांढऱ्या कळ्यांत तिची बोटं शिरली. एक आकडा टिणकन फरशीवर पडला. देवयानीच्या बोटांना आधी नुसत्याच कळ्या लागल्या. मग काहीतरी टणक, गार लागलं.

तिने हात पुढे आणला. मोत्यांचा घोस आणि मधोमध लाल खडा.

६

टाळी पहिल्यांदा कस्तुरीने वाजवली. मग काय विचारता! अख्खा हॉल उठून उभा राहिला. अनिश तर शिट्ट्या मारत होता. स्वाती काकूंनी देवयानीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "मी चुकीचं निदान केलं. डॉक्टरला हे कबूल करायला फार जड जातं, तेव्हा एकदाच ऐकून घे."

नीना काकूंनी नथीवरून अंगठा फिरवला. कंगोरा होता.

"का गं रेखा?"

रेखा काकूंचा अंबाडा सुटला होता. "सासूबाईंचं शेवटचं आजारपण मी काढलं वहिनी. तुमच्याकडे अनिश लहान होता. त्यांनी नथ तुम्हाला दिली, मी एका शब्दाने बोलले नाही. अनिशच्या मुंजीत एकदा म्हटलं, आजच्या दिवस मी घालू का? तुम्ही हसून म्हणालात, तुझ्या नाकाला शोभणार नाही. ती मला विकायची नव्हती. कपाटात असावी, मनात येईल तेव्हा घालावी, एवढंच."

नीना काकूंना हे वाक्य आठवत नसावं, पण आपण ते बोललो असू याबद्दल त्यांना शंका दिसली नाही.

"ते मला शोभलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुला हे शोभलं का?"

"आणि त्याचा राग माझ्यावर काहून काढला?" देवयानीच्या तोंडून नागपूर बाहेर पडलंच. "मी काय केलं होतं तुमचं?"

रेखा काकूंनी तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. "तू नवी होतीस. तुझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही असं वाटलं मला." त्यांनी पर्स उचलली. जाताना नीना काकूंनी त्यांना अडवलं नाही. मात्र दारापर्यंत सोडायला त्या गेल्या, आणि दोघी तिथे थोडा वेळ काहीतरी बोलत उभ्या राहिल्या.

परत आल्या त्या थेट देवयानीसमोर.

"मी सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा सगळ्यांसमोरच सांगते. माझं चुकलं. साखरपुडा ठरल्या दिवशी होईल, तू म्हणशील तर. आणि नाही म्हणालीस तर त्यात तुझी काही चूक नाही."

देवयानीने अनिशकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "होईल," ती म्हणाली. "पण मी एवढ्यात माफ केलेलं नाही हं. लग्नापर्यंत करेन."

नीना काकू हसल्या, डोळे पुसत. "कर सावकाश." आणि मग त्यांनी ती नथ, सासूबाईंची नथ, पुढे केली. "ही घे. मघाची जादू पुन्हा कर. मघाशी मी टाळ्या वाजवल्या होत्या, पण सारं लक्ष नथीवर होतं. आता तुझ्याकडे बघते."

देवयानीचा डावा हात आपसूक पुढे झाला. तिने जीभ चावली आणि तो मागे घेतला.

"राहू दे," नीना काकू म्हणाल्या. "त्याच हाताने घे. त्याच हाताने मिळवलीस."

अन्वीची मुख्य हौस राहिलीच होती. पेढा की बर्फी? झाकलेल्या दोन वाट्यांतली एक तिने उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खरं तर अन्वी आणि वरदला स्कॅनमध्येच कळलं होतं, पण दोघांनी आईबापांनासुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती. देवयानीने नथ मखमली रुमालात ठेवली. फुंकर मारली. रुमाल झटकला. रिकामा! तिने दोन्ही वाट्या थोड्या थोड्या सरकवून अन्वीच्या पुढ्यात आणल्या आणि हात मागे बांधून उभी राहिली.

अन्वीने एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर, मग पुन्हा पहिलीवर. झाकण उचललं.

आत बर्फी होती, आणि बर्फीवर नथ.

अन्वी वरदकडे बघून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. आता कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

"मुलगी!" नीना काकू ओरडल्या. "अगं, मुलगी आहे! तुला कसं कळलं गं देवयानी?"

देवयानीने डावा हात वर केला, पुढून-मागून दाखवला, बोटं फाकवली.

"ते टॉबीने सांगायला मनाई केलीय, आई," ती म्हणाली.